पेढी, पदवी आणि पैशाचे मोठे जग

व्यापारी कुटुंबातील मुलगा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन घरी आला, म्हणजे पूर्वी त्याचा अर्थ ठरलेला असे. दिवाणजींच्या शेजारी आणखी एक माणूस बसू लागे, विक्रीकराची पत्रके बाहेरून भरून घ्यावी लागत नसत, आणि कॅश-क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेत जाताना वडिलांसोबत इंग्रजी बोलणारा कोणीतरी असे. पदवी पेढीसाठी घेतली जात होती. पुढे सनदी लेखापालांची पिढी आली. तिने गावात किंवा जवळच्या शहरात आपले कार्यालय थाटले, आणि पेढीशी तिचे नाते टिकून राहिले. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग', 'प्रायव्हेट इक्विटी', 'हेज फंड' हे शब्द लग्नाच्या बैठकीत सहज ऐकू येतात. घरातील वडीलधाऱ्यांना या शब्दांचा अर्थ नीट ठाऊक नसतो, पगाराचा आकडा मात्र कळतो. आकड्याने ते सुखावतात आणि अर्थ न कळल्यामुळे मनातून धास्तावलेले राहतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत असलेल्या एका कुटुंबातही असेच घडले. तीन पिढ्यांची पेढी. आजोबा, ज्यांना घरात आणि बाजारातही 'आप्पा' म्हणतात, वयाच्या ऐंशीनंतरही रोज सकाळी दोन तास गादीवर येऊन बसत. व्यवहार मुलगा आणि पुतण्या पाहत. नातू शाळेत असल्यापासून सुटीच्या दिवशी पेढीवर येई. हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकायचा, आतला रंग पाहायचा, वास घ्यायचा आणि मग भाव बोलायचा, हे त्याने तेथेच पाहिले. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी झाली पाहिजे, खरेदीदाराकडून रक्कम येवो अथवा न येवो, हा पेढीचा नियमही त्याने तेथेच पाहिला. दिवाळीपूर्वीच्या महिन्यात आप्पा त्याला उधारीची यादी वाचायला लावीत. नाव, गाव, रक्कम आणि तारीख. यादी वाचून झाली की आप्पा काही नावांपुढे शिसपेन्सिलीने बारीक फुली करीत. एकदा मुलाने त्या फुलीचा अर्थ विचारला. आप्पा म्हणाले, "अरे बाळ, सहा महिने उलटले की उधारी वहीत राहते, पेटीत येत नाही. वहीतल्या पैशावर घर चालवायचे नसते."

मुलगा हुशार निघाला. बी.कॉम. विशेष प्राविण्याने झाला, प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या एका नामांकित संस्थेत वित्तव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेला. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले गेले. पहिल्या वर्षाच्या शेवटी तो महालक्ष्मी एक्स्प्रेसने घरी आला, तेव्हा त्याचा निश्चय झालेला होता. त्याला पेढीवर बसायचे नव्हते. त्याला कंपन्यांची विलीनीकरणे, भागविक्री आणि भांडवल उभारणीच्या क्षेत्रात जायचे होते. प्रथम मुंबई, जमल्यास पुढे सिंगापूर किंवा लंडन. चाळिशीच्या आत स्वतःचा गुंतवणूक निधी उभा करायचा, हे त्याने आईला सांगितले. वडिलांना सांगण्याचे धैर्य तेव्हा त्याला झाले नाही.

घरात जे व्हायचे ते झाले. वडील दोन दिवस फारसे बोलले नाहीत. काका म्हणाले, "नोकरीच करायची होती तर एवढे शिकायचे कशाला?" आईला मुंबईतील जेवणाची आणि सूर्यास्तापूर्वी घरी न पोचणाऱ्या मुलाची चिंता. फक्त आप्पांनी एक व्यापारी प्रश्न विचारला.

"तिथे माल कोणता विकतात?"

"आप्पा, तिथे माल नसतो. एखाद्या कारखान्याला शंभर कोटी हवे असतात, आणि कुणाकडे तरी शंभर कोटी गुंतवायला असतात. त्या दोघांची गाठ घालून द्यायची. कारखान्याची किंमत किती, भाग कोणत्या भावाने द्यायचा, हे ठरवून द्यायचे."

"म्हणजे आडतच की. पण मग आडत्याची जबाबदारी किती? आपण शेतकऱ्याला पट्टी देतो. खरेदीदार बुडाला तर आपण भरतो. तुमच्यात कोण भरतो?"

नातवाजवळ या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. पाठ्यपुस्तकांत जोखमीचे मोजमाप होते, सूत्रे होती. पण 'कोण भरतो' या शब्दांत तो प्रश्न तेथे विचारलेला नव्हता. तो विचार करीत राहिला. आणि पुढच्या वर्षभरात त्याने जे वाचले, त्यातून त्याच्या लक्षात आले की आप्पांचा प्रश्न वित्तजगाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे.

आज ज्या संस्थांची नावे ऐकून पदवीधरांचे डोळे चमकतात, त्यांपैकी कित्येक मुळात पेढ्याच होत्या. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून अमेरिकेत आलेल्या मार्कस गोल्डमन यांनी १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जो व्यवसाय सुरू केला, तो सांगली-सोलापूरच्या कोणत्याही जुन्या सराफाला पाच मिनिटांत समजला असता. चामड्याच्या आणि जवाहिरांच्या व्यापाऱ्यांकडून वचनचिठ्ठ्या बट्ट्याने विकत घ्यायच्या आणि त्या बँकांना विकायच्या. हुंडी वटवण्याचाच हा प्रकार. घेतलेल्या चिठ्ठ्या ते आपल्या उंच टोपीच्या आतील पट्टीत खोचून बँकांच्या दारी जात, असे सांगतात. पुढे जावई भागीदार झाला आणि 'गोल्डमन सॅक्स' हे नाव रूढ झाले.

लेहमन बंधूंची कहाणी त्याहून अधिक बोलकी आहे. बव्हेरियातील रिंपार या खेड्यातून १८४४ मध्ये हेन्री लेहमन अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात आले आणि माँटगोमेरी गावात त्यांनी कापडचोपडाचे व किरकोळ मालाचे दुकान काढले. मागाहून दोन भाऊ आले आणि १८५० पासून 'लेहमन ब्रदर्स' ही पेढी नांदू लागली. गिऱ्हाइकांजवळ रोकड नसे, म्हणून ते कापूस देऊन माल नेत. दुकानदार हळूहळू कापसाचे व्यापारी झाले. तो कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता, हेही या कहाणीतून वगळता येत नाही. पुढे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कार्यालय उघडले, १८७० मध्ये तेथील कापूस बाजाराच्या स्थापनेत भाग घेतला, आणि व्यापारातून ते कंपन्यांच्या भांडवल उभारणीकडे वळले. असे हे दुकान दीडशे वर्षांत जगातील एक प्रचंड वित्तसंस्था बनले, आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत गेले. तेव्हा त्याच्यावर ६०० अब्ज डॉलरहून अधिक देणे होते. स्वतःच्या प्रत्येक १ डॉलरमागे सुमारे ३० डॉलरची मालमत्ता, तीही मुख्यतः उसनवारीवर, असे त्याच्या ताळेबंदाचे स्वरूप होते. साध्या भाषेत सांगायचे तर मालमत्तेची किंमत शंभरात तीन-चार रुपयांनी उतरली की मूळ भांडवल संपले. सांगलीचा कोणताही आडत्या एवढ्या थोड्या भांडवलावर एवढा माल उचलण्यास धजला नसता, आणि कोणत्याही बँकेच्या शाखाधिकाऱ्याने असे मार्जिन मंजूर केले नसते.

ज्या यादवी युद्धात लेहमन बंधूंचा कापूस अडकून पडला, त्याच युद्धाने मुंबईला सोन्याचा पाऊस दाखवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतील बंदरे नाकेबंदीत होती. इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर राहिले नाही. मुंबईत पैसा येऊ लागला आणि त्या पैशातून कंपन्या निघू लागल्या. या उलाढालीच्या केंद्रस्थानी सुरतेहून आलेले एक तरुण जैन दलाल होते, प्रेमचंद रायचंद. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीच्याही आत होते. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग त्याच्या दसपट अधिमूल्याने विकला जात होता. युद्ध १८६५ च्या एप्रिलमध्ये संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या चुकतीचा दिवस उजाडला, तेव्हा चुकते करायला कोणाजवळच पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेने भागांच्या तारणावर कर्जे वाटली होती. तिचे भांडवल धुपून गेले आणि १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. तीच १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि त्या मार्गाने १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. आजच्या बँकांत समभागांवरील कर्जाला जे कडक निकष लावले जातात, त्यांच्यामागे असे अनुभव आहेत.

प्रेमचंद शेठ बुडाले, पण पळाले नाहीत. ते मुंबईतच राहिले, दलालीच्या धंद्यात पुन्हा उभे राहिले. १८७५ मध्ये दलालांची जी संस्था स्थापन झाली, तीतूनच पुढे मुंबईचा शेअर बाजार आकाराला आला. तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. भरभराटीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ग्रंथालय आणि मनोरा उभा राहिला. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव आहे. दृष्टी गेलेल्या त्या माउलीला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटेवरून कळावी, अशी त्यामागची इच्छा होती, अशी आख्यायिका आहे. धन आले आणि गेले. जे दान वेळेवर दिले गेले तेवढे उभे राहिले.

हा सारा इतिहास वाचून नातवाने एक निष्कर्ष काढला आणि पुढच्या भेटीत तो आप्पांना सांगितला. जोवर या संस्था भागीदारीच्या पेढ्या होत्या, तोवर भागीदाराचे स्वतःचे घरदार व्यवहारात गुंतलेले असे. म्हणून प्रत्येक मोठ्या सौद्यापूर्वी चार वृद्ध भागीदार एका टेबलाभोवती बसून नको ते प्रश्न विचारीत. पुढे एकामागून एक पेढ्या सार्वजनिक कंपन्या झाल्या. गोल्डमन सॅक्सने हे १९९९ मध्ये केले. भांडवल मोठे झाले, व्यवहार मोठे झाले. पण सौदा जमवणाऱ्याला वर्षअखेरीस बक्षिसी मिळू लागली आणि सौदा बिघडला तर तोटा भागधारकांच्या गळ्यात पडू लागला. आप्पांचा प्रश्न, 'कोण भरतो', येथे येऊन थांबत होता.

आप्पा म्हणाले, "मग हे ठाऊक असताना जातोस?"

"ठाऊक आहे म्हणूनच जातो, आप्पा. तिथेही कोणीतरी हा प्रश्न विचारणारा हवाच की."

तो वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कार्यालयात रुजू झाला. त्या परिसराचे एक वैशिष्ट्य त्याच्या लवकरच ध्यानात आले. एका बाजूला राष्ट्रीय शेअर बाजार आणि सेबीची कार्यालये, परदेशी बँकांच्या काचेच्या इमारती; आणि जवळच भारत डायमंड बोर्स, जेथे लाखोंचे हिरे कागदाच्या पुडीत एका हातातून दुसऱ्या हातात 'जांगड' म्हणून जातात. पसंत पडले तर पैसे, नाहीतर माल परत. एका ठिकाणी शंभर पानांचा करार, दुसऱ्या ठिकाणी चिटोऱ्यावरील चार ओळी. पण दोन्हीकडे धंदा पतीवर चालतो. पत गेली की शंभर पानेही वाचवीत नाहीत.

काम कष्टाचे होते. बाहेरून दिसणाऱ्या रुबाबामागे तेवीस-चोवीस वर्षांची मुले रात्री दीड-दोन वाजेपर्यंत संगणकापुढे बसून तक्ते भरतात, वरिष्ठांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करतात आणि सकाळी नऊला पुन्हा हजर होतात. सादरीकरणातील एका पानावरचा आकडा दुसऱ्या पानावरच्या आकड्याशी जुळला नाही तर जो प्रसाद मिळतो, त्यापुढे दिवाणजींचा रागही सौम्य वाटावा. आईची जेवणाविषयीची भीती खरी ठरली. चातुर्मासात रात्रिभोजन टाळायचे म्हणून तो सायंकाळी साडेसहाला डबा उघडी. सहकारी प्रथम हसले, मग त्यांना सवय झाली. पहिल्या वर्षाच्या पगारातून त्याने शैक्षणिक कर्जाचा निम्मा भाग फेडला. वडिलांनी ही गोष्ट पेढीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, मुलाला मात्र शाबासकी दिली नाही.

याच सुमारास घरात दुसरीच अडचण उभी राहिली. त्याचा चुलतभाऊ, जो पेढीवरच बसत असे, मोबाइलवर निर्देशांकाच्या वायदे-पर्यायांचे व्यवहार करू लागला होता. मोठा भाऊ वित्तक्षेत्रात गेला, मग आपणही मागे का राहावे, ही त्यामागची भावना. चार महिन्यांत त्याने ३ लाख ४० हजार रुपये घालवले, त्यांतले बरेचसे पेढीच्या रोकडीतून उचललेले. काकांनी फोन करून पुतण्यालाच बोल लावला: "तुझे पाहून हा बिघडला."

पुतण्या रागावला नाही. शनिवारी रात्रीची गाडी पकडून तो घरी आला आणि भावाला सेबीचा सप्टेंबर २०२४ मधील अहवाल वाचून दाखवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-पर्यायांत उतरलेल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा प्रत्येकी सुमारे २ लाख रुपये. सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. "तू शंभरांतला त्र्याण्णवावा आहेस, एवढेच," तो म्हणाला. मग त्याने सांगलीचाच दाखला दिला. या गावात हळदीचे वायदे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून होत आले. ज्याच्या गोदामात माल आहे तो भाव पडण्याच्या भीतीपोटी वायदा विकतो. तो विमा होय. ज्याच्याजवळ हळकुंडही नाही तो केवळ भावावर वायदा करतो. त्याला आप्पांच्या पिढीने व्यापार म्हटले नाही. साधन एकच, हेतू निराळा. मोठ्या वित्तजगाची आकांक्षा आणि मोबाइलवरचा सट्टा या दोन गोष्टी घरोघरी एकाच तागडीत तोलल्या जात आहेत, आणि त्यात दोन्हीविषयी गैरसमज होत आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या स्वतःच्या कसोटीची वेळ आली. एका मध्यम आकाराच्या कंपनीची भागविक्री त्याच्या कार्यालयाकडे आली होती. विक्री झपाट्याने वाढलेली, नफा आकर्षक, प्रवर्तक उत्साही. तक्ते तयार करताना त्याची नजर येणे रकमेवर अडखळली. विक्री जेवढी वाढली होती, त्याहून अधिक वेगाने उधारी वाढली होती. त्याने ग्राहकवार आणि मुदतवार यादी मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. एकूण येण्यापैकी मोठा हिस्सा तीनच खरेदीदारांकडे होता, बहुतेक रक्कम सहा महिन्यांपलीकडची होती, आणि त्यांतील दोघांचे नोंदणीकृत पत्ते प्रवर्तकाच्या नातलगांच्या पत्त्यांशी जुळत होते. त्याला ती शिसपेन्सिलीची फुली आठवली असेल, तर नवल नाही.

वरिष्ठांना त्याने हे सांगितले. ते वाईट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, लेखापरीक्षकांनी हिशेब प्रमाणित केले आहेत, आपले काम मूल्यांकन मांडण्याचे आहे. प्रत्येक आकड्यामागे धावलो तर एकही सौदा पुरा होणार नाही. यात तथ्य नव्हते असे नाही. शिवाय त्या कागदपत्रांवर कनिष्ठ विश्लेषकाची सही नसते. गप्प राहिला असता तर कोणीही त्याला दोष दिला नसता. वर्षअखेरीची बक्षिसी याच सौद्यावर अवलंबून होती आणि शैक्षणिक कर्जाचा निम्मा भाग अजून शिल्लक होता.

त्या रात्री त्याने घरी फोन केला. कंपनीचे नाव सांगणे योग्य नव्हते, ते त्याने सांगितले नाही. फक्त प्रकार सांगितला. आप्पांना ऐकू कमी येत असल्याने वाक्ये दोनदा उच्चारावी लागली. सगळे ऐकून आप्पा म्हणाले, "त्या तिघांच्या दारात जाऊन पैसे मागितलेत का कुणी? मागितले नसतील तर तेवढे विचार. उत्तर काय येते ते पुढचे."

दुसऱ्या दिवशी त्याने तो प्रश्न लेखी विचारला. कार्यालयातील अनुपालन विभागाने त्याची दखल घेतली, कंपनीकडे खुलासा मागितला गेला, खुलासा समाधानकारक आला नाही, आणि कार्यालयाने ते काम सोडले. तरुणाचे कोणी अभिनंदन केले नाही. त्याला दुसऱ्या गटात हलवण्यात आले आणि त्या वर्षीची बक्षिसी नाममात्र मिळाली. ती कंपनी पुढे बुडाली असती, तर गोष्ट सांगायला सोपी झाली असती. ती बुडाली नाही. दुसऱ्या सल्लागारामार्फत तिने भांडवल उभारले आणि ती आजही चालू आहे. योग्य वर्तनाचे प्रमाणपत्र बाजार दर वेळी देतोच असे नाही, हे त्याला वयाच्या पंचविशीत कळले.

श्रावकाच्या सत्यव्रताचे जे पाच अतिचार 'तत्त्वार्थसूत्रा'त सांगितले आहेत, ते या क्षेत्रातील माणसाने एकदा समोर ठेवून पाहावेत. मिथ्योपदेश, म्हणजे चुकीचा सल्ला देणे. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख तयार करणे. न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. आणि गुप्त गोष्टी उघड करण्याचे दोन प्रकार. न पटणारी योजना गिऱ्हाइकाच्या माथी मारणे, ताळेबंद सजवणे, ठेवीदारांचा पैसा वळवणे, आतली बातमी फोडून नफा मिळवणे, हे सारे दोष आज कायद्याच्या कलमांत आले आहेत. सेबीला कायद्याचा आधार १९९२ मध्ये मिळाला. व्यापारी गृहस्थाला काय टाळायचे याची यादी मात्र त्यापूर्वी कित्येक शतके घरात होती. ती पाठ म्हटली जाते. तिचा अर्थ नव्या धंद्याला लावून दाखवण्याचे काम कोणी करीत नाही.

तो तरुण आता इन्व्हेस्टमेंट बँकेत नाही. दीड वर्षाने त्याने एका पतपुरवठा करणाऱ्या वित्तसंस्थेत जागा घेतली. पगार सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला. कारण विचारले तर तो सांगतो की येथे दिलेले कर्ज आपल्याच पुस्तकात पाच-सात वर्षे राहते. चूक झाली तर ती रोज सकाळी समोर दिसते. चाळिशीच्या आत स्वतःचा निधी उभारण्याची आकांक्षा त्याने सोडलेली नाही. फक्त त्या निधीत स्वतःचे किती पैसे असावेत, याचा आकडा त्याने आधी ठरवला आहे आणि तो थोडा नाही. लंडनचा विचार मागे पडला आहे, मिटलेला नाही.

पेढीवर आता त्याची धाकटी बहीण बसते. तीही बी.कॉम. आहे. आरंभी बाजारात थोडी कुजबुज झाली. पण हळकुंड मोडून तिने सांगितलेला भाव दोन-तीनदा बरोबर ठरला, तेव्हा ती थांबली. चुलतभावाने उचललेली रक्कम त्याच्या नावे खतावणीत मांडली गेली आहे आणि तो दरमहा ती फेडतो आहे. आप्पांनी ती माफ करू दिली नाही.

समाजातील अनेक घरांत असे पदवीधर आज आहेत. त्यांना अडवणारे वडील आणि केवळ पगाराचा आकडा सांगत फिरणारे वडील, दोघेही त्यांच्या फारसे उपयोगी पडत नाहीत. वित्ताचे मोठे जग परके नाही. ते दुकानातून, हुंडीतून आणि कापसाच्या गाठींतूनच वाढलेले आहे. तेथे जाणाऱ्या मुलाला इंग्रजी, गणित आणि सूत्रे शाळा-महाविद्यालये देतील. उधारी कशी ओळखावी, दुसऱ्याच्या पैशाला हात लावण्यापूर्वी काय विचारावे आणि सौदा बिघडला तर कोण भरतो, हे मात्र घरातच शिकवावे लागते. त्यासाठी आई-वडिलांना शेअर बाजार कळण्याची आवश्यकता नाही. सुटीच्या दिवशी मुलाला गादीवर शेजारी बसवून उधारीची यादी वाचायला लावली, तरी पुष्कळ होते.